‘रशियन प्रवाह’ : स्नायूंच्या विद्युत उत्तेजनाच्या इतिहासातील एक प्रकरण

विजेच्या स्पर्शाने स्नायू आकुंचन पावतो, हे बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकावरील प्रयोगांतून दाखविले व १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८५५ मधील ग्रंथात त्वचेवर विद्युतअग्रे ठेवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे उत्तेजित करण्याची पद्धत मांडली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही विद्या प्रामुख्याने रुग्णांच्या उपचारापुरती राहिली. निरोगी खेळाडूच्या सरावात तिला ठळक स्थान मिळवून दिले ते सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञ याकोव्ह कोट्स यांनी.

कोट्स यांनी १९७७ मध्ये माँट्रियल येथील कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील परिसंवादात निष्णात खेळाडूंच्या स्नायुबलात ४० टक्क्यांपर्यंत वाढ झाल्याचे सांगितले. हे उत्तेजन वेदनारहित असल्याचाही दावा होता. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत पदकांचे रहस्य हाती लागल्याचे समाधान पाश्चात्त्यांना वाटले असल्यास नवल नाही. ‘रशियन प्रवाह’ या नावाची उपकरणे बाजारात आली. मूळ निबंध मात्र रशियन भाषेतच राहिले आणि पाश्चात्त्य प्रयोगशाळांना तेवढी वाढ सहसा आढळली नाही.

अ‍ॅलेक्स वॉर्ड व नतालिया श्कुरातोव्हा यांनी २००२ मध्ये त्या जुन्या निबंधांचा परामर्श इंग्रजीत घेतला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. १९७१ मधील पहिले प्रयोग तरुण कुस्तीगिरांवर झाले होते आणि त्यांत वापरलेला प्रवाह ‘रशियन’ नव्हताच; तो सेकंदाला ५० लहान स्पंदांचा साधा प्रवाह होता. १० सेकंद उत्तेजन, ५० सेकंद विश्रांती, अशी १० मिनिटे, हे प्रसिद्ध वेळापत्रक स्नायूंच्या थकव्याच्या निरीक्षणातून ठरले. पुढील प्रयोगांत निरनिराळ्या वारंवारता तपासल्या गेल्या. स्नायूवर विद्युतअग्रे ठेवल्यास २५०० हर्ट्झ, तर मज्जातंतूवर ठेवल्यास १००० हर्ट्झ अधिक परिणामकारक ठरली. उपकरणनिर्मात्यांनी यांतील पहिला आकडा उचलला. दुसरा विस्मृतीत गेला. परंपरा अशा अर्धवट उसनवारीतूनही तयार होतात.

येथे एक शारीरिक मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. ऐच्छिक हालचालीत लहान चेतक एकके आधी व मोठी नंतर कार्यान्वित होतात; बाहेरून दिलेला प्रवाह हा क्रम पाळत नाही. त्यामुळे तेच तंतू वारंवार राबतात व लवकर थकतात.

पुनर्वसनाच्या क्षेत्रातील पुरावा मात्र अधिक भक्कम आहे. लिन स्नायडर-मॅकलर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गुडघ्याच्या अग्र स्वस्तिकबंधाची पुनर्रचना झालेल्या ११० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार आठवड्यांच्या उपचारानंतर तीव्र उत्तेजन मिळालेल्या गटांत मांडीच्या पुढील स्नायूचे बल निरोगी पायाच्या सरासरी ७० टक्के वा अधिक होते. केवळ जोरकस व्यायाम केलेल्यांत ते ५७ टक्के, तर मंद उत्तेजनाच्या गटात ५१ टक्के आढळले. लाभ देणारी ही तीव्रता रुग्णाला सहन होईल त्या मर्यादेपर्यंत वाढवावी लागते, आणि वेदनारहिततेचा १९७७ मधील दावा नेमका तेथेच अडतो.