पहिली पायरीच बंद होती

"मोठ्या कंपन्यांत बायका वर का दिसत नाहीत?" असं विचारणाऱ्यांनी एअर इंडियाचा इतिहास बघावा.

तेव्हा ती सरकारी कंपनी होती, मुख्यालय मुंबईत होतं. १९८१ पर्यंत नियम काय? एअर होस्टेसनं नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली, की घरी. पस्तिशीनंतरची मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर. सोबतचा पुरुष मात्र ५८ पर्यंत! नर्गेश मिर्झा खटल्यात सुप्रीम कोर्टानं गरोदरपणाची अट काढली, लग्नाची ठेवली.

पुढे बायकांची नोकरीही ५८ पर्यंत गेली. पण विमानातल्या स्टाफचा प्रमुख, म्हणजे इन-फ्लाइट सुपरवायझर, पुरुषच. कितीही सीनियर असली तरी बाईला ते पद नाही. २००५ मध्ये कंपनीनं ते खुलं केलं, तर कोर्टात कोण गेलं? सोबत काम करणारे पुरुषच, जुन्या करारांचा हवाला देत. २००७ ला दिल्ली हायकोर्टात हरले, २०११ ला सुप्रीम कोर्टात.

पहिली पायरीच बंद, तर वरच्या मजल्यावर बाई पोचणार कशी? म्हणून तुमच्या कंपनीत डायरेक्टरची खुर्ची नंतर बघा. आधी सुपरवायझर किती बायका आहेत, ते मोजा.