कोणाला काय सांगावे

वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात माणूस काय लपवतो यापेक्षा कोणापासून लपवतो, हे आधी पाहावे लागते. कर्जाचा आकडा सोसायटीच्या सचिवाला ठाऊक असतो, दुखणे डॉक्टरला, लेकीच्या सासरची कुरबूर माहेरच्या एकदोघींना. भावकीला मात्र यातले काही कळू नये. तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २००४ साली साधारण हेच सिद्धान्तरूपात मांडले: माहिती ज्या संदर्भात दिली, त्याच्या रीतीभाती पाळत ती पुढे गेली तर खासगीपण शाबूत राहते. खासगीपणाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने सुरुवात इथून करावी. पासवर्ड आणि कूटलेखन मागाहून शिकता येते.

चॅटबॉटने हे सारे संदर्भ एकत्र कालवले. पीएम-किसानचा हप्ता का अडला, हे २०२३ पासून फोनवरून ‘किसान ई-मित्र’ या सरकारी चॅटबॉटला विचारता येते. त्याच फोनवर दुसऱ्या चॅटबॉटला कोणी हळदीच्या रोगाबद्दल विचारते, कोणी वाटणीच्या दाव्याबद्दल, कोणी अंगावरच्या दुखण्याबद्दल. वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला साक्षीच्या कायद्याने कवच दिले आहे. चॅटबॉटला सांगितलेल्या गोष्टीला तसे कवच नाही.

तरीही माणूस बोलतो. एमआयटीत जोसेफ वाइझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवादी प्रोग्राम बनवला. १९६६ साली त्यावरचा निबंध आला. तो प्रोग्राम घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच, त्याच्याशी थोडे बोलणे होताच, वाइझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितले. या प्रसंगावरून तिच्या भोळेपणाबद्दल बरेच लिहिले जाते. मला तिचा हिशेब चोख वाटतो: तिला आडोसा हवा होता तो माणसापासून. हट्ट्यातही घरात एकच फोन फिरत असेल, तर जुने चॅट उघडणारा चॅटबॉटच्या कंपनीचा माणूस नसतो, दीर असतो. कंपनीकडची गळतीही काल्पनिक नाही. मार्च २०२३ मध्ये एका बिघाडामुळे चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना परक्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसली होती.

कायद्याच्या वाटेने येणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात जवळचा धागा आहे. पहिले आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. आधारलाच आव्हान देणाऱ्या पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय आहे. ती सूचना हट्ट्यातल्या वाचणाऱ्याला कितपत उमगते, हे तपासायला संगणकशास्त्रज्ञाइतकाच मराठवाडी बोलीचा जाणकारही लागेल. दोघांनाही या विषयात भरपूर काम आहे.