बालस्थूलता प्रतिबंध आणि लोकसहभाग (पेण व रोहा तालुके)

बालस्थूलता म्हणजे आरोग्यास बाधक ठरेल इतका मेद मुलाच्या शरीरात साठणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार पाच वर्षांखालील मुलाचे उंचीच्या मानाने वजन मध्यकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक असल्यास ते अतिवजन आणि तीनहून अधिक असल्यास ती स्थूलता मानली जाते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत, विशेषतः कातकरी व ठाकर समाजांच्या वाड्यांवर, हा विषय कुपोषणापासून वेगळा काढता येत नाही. दोन्हींची मुळे दारिद्र्यात आहेत आणि दोन्हींवरील उपाय अंगणवाडी, शाळा व ग्रामपंचायत यांच्याच वाटेने वाडीपर्यंत पोहोचतात.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये १.९ टक्के होते. २०१९–२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. याच नंतरच्या सर्वेक्षणात ३६.१ टक्के मुले कमी वजनाची व ३५.२ टक्के मुले खुरटलेली आढळली. एक संकट ओसरले आणि दुसरे आले, असे घडलेले नाही. दोन्ही एकत्र नांदत आहेत.

या सहअस्तित्वाचा उलगडा करणारे महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. मात्र पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असले, तरी त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. अशा बालकांना पुढे स्थूलता व मधुमेहाचा धोका अधिक संभवतो. म्हणून स्थूलतेचा प्रतिबंध मुलाच्या ताटापासून नव्हे, तर गरोदर मातेच्या ताटापासून सुरू होतो. वीटभट्टीवर राबणाऱ्या गरोदर स्त्रीच्या बाबतीत हे विशेषत्वाने लागू पडते.

स्थानिक आहार

भात, नाचणी, वरी, सुकी मासळी, चिंबोऱ्या आणि पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळे यांसारख्या रानभाज्या हा या भागाचा जुना आहार. भातकापणीनंतर शेतात वाल येतो. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भाजून केलेली पोपटी हा हिवाळ्यातील सामुदायिक बेत असून त्याला तेल जवळजवळ लागत नाही. आहारतज्ज्ञांनी सुचवावा असा पदार्थ येथे शेताच्या बांधावर आधीच शिजत होता. जंगल व खाडीवरील अवलंबन घटले आणि रोजंदारी वाढली, तसतशी दुकानातील पाच रुपयांची खारट-तळीव पाकिटे मुलांच्या हाती आली. कामावर निघालेल्या आईबापांच्या दृष्टीने ते पाकीट म्हणजे मुलाला थोपवून धरण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असतो. त्यांना दोष देऊन या सवयीला आळा बसत नाही.

वाढीचे मोजमाप

वयानुसार वजन दाखविणारा अंगणवाडीतील वृद्धी तक्ता कमी वजनाची मुले शोधण्यासाठी उपयोगी आहे. स्थूलता मात्र त्यात दिसत नाही. खुरटलेल्या मुलाचे वजन उंचीच्या मानाने जास्त असले, तरी तक्त्यात ते ‘साधारण’ पट्ट्यात बसू शकते. त्यासाठी वजनाबरोबर उंचीही घ्यावी लागते. २०२१ पासून वापरात आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ प्रणालीत दोन्ही नोंदी होतात. लहान मुलाची उंची अचूक घेण्यास दोन माणसे लागतात. सेविकेला मदतनिसाबरोबर वाडीतील मातांचीही साथ मिळाली, तर मापन नीट होते आणि तक्त्याचा अर्थ घरापर्यंत जातो.

शाळा व समित्या

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक वर्गांसाठी दररोज ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरलेले आहे. उष्मांक भातातून सहज भरतात; खरा प्रश्न प्रथिनांचा, म्हणजे डाळ-कडधान्याचा असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या स्त्रिया असतात. शिजलेल्या आहारावर लक्ष ठेवण्याचा अधिकार त्यामुळे पालकांच्याच हाती येतो.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार शाळेत व शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति मेद, मीठ वा साखरयुक्त पदार्थ विकण्यास मनाई आहे. वाडीवर तपासनीस क्वचितच फिरकतो आणि दुकानदार बहुधा गावातलाच, ओळखीचा असतो. त्यामुळे येथे या नियमाचे पालन ग्रामसभेच्या आग्रहावरच अवलंबून राहते.

स्थलांतराची अडचण

अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी वा कोळसापाडीच्या कामावर जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. या काळात मुलांची अंगणवाडी, शाळा आणि वजनाच्या नोंदी तुटतात. २०२५ च्या पोषण पंधरवड्यात मुलांमधील स्थूलता हा विषय प्रथमच ठळकपणे घेण्यात आला. तो ८ ते २२ एप्रिल या काळात झाला; वीटभट्ट्यांचा हंगाम तेव्हा चालू असतो.