विश्वनाशाचा पण आणि घरचे वैर : तोमिनो यांच्या यंत्रमानव-मालिका

दीर्घकाळ चालणाऱ्या साहसमालिकांविषयी समीक्षेत एक समजूत रूढ आहे. नायकाचे खासगी दुःख पणाला लागले की कृती वाङ्मयीन होते, आणि सबंध जग पणाला लागले की ती बाजारू ठरते. जपानी यंत्रमानव-मालिकांचा इतिहास पाहिला असता ही विभागणी फारशी टिकत नाही. तेथे या दोन पणांचे नाते विरोधाचे नसून एकाने दुसऱ्याला पोसण्याचे आहे. आणि हे नाते मालिकेच्या 'चालू राहण्या'शी निगडित आहे.

ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु'चा (इतरत्र 'अ‍ॅस्ट्रो बॉय') उगमच पुत्रशोकात आहे. अपघातात मुलगा गमावलेला डॉ. तेन्मा त्याच्या रूपाचा यंत्रबालक घडवतो, आणि तो वाढत नाही म्हणून त्याला विकून टाकतो. 1963 साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या अखेरच्या भागात, 31 डिसेंबर 1966 रोजी, हाच बालक पृथ्वीसाठी सूर्यात झेपावतो. 1980 मध्ये तो नव्या मालिकेत पडद्यावर परतलाही. आत्मार्पण मागे घेता येते, हे बालप्रेक्षकांना तेव्हाच उमगले असावे.

या मालिकेवर उमेदवारी केलेल्या योशियुकी तोमिनो यांनी (जन्म 1941) 'मोबाइल सूट गुंडाम'मध्ये हा क्रम उलटा केला. 7 एप्रिल 1979 रोजी सुरू झालेल्या या मालिकेत निवेदक आरंभीच सांगतो की युद्धाच्या पहिल्या महिन्याभरात निम्मी मानवजात नष्ट झाली आहे. प्रलय कथेच्या शेवटी नाही. तो पार्श्वभूमीत उरकला आहे. त्यामुळे आमुरो रे या कुमारवयीन चालकापुढे उरतात ते प्रश्न लहान आहेत. तेराव्या भागात तो आईला भेटतो. तिच्यादेखत शत्रुसैनिकावर गोळी झाडतो आणि तिच्या डोळ्यांत स्वतःविषयीची भीती पाहतो. अखेरच्या भागात यंत्र गमावून तो सोबत्यांच्या छोट्या नौकेकडे परततो. युद्ध संपल्याची वार्ता निवेदक एका वाक्यात आटोपतो. प्रेक्षकसंख्या आणि खेळण्यांची विक्री यांअभावी 52 भागांची ही मालिका 43 भागांतच गुंडाळण्यात आली होती. 1980 पासून बांदाईच्या जोडणी-प्रतिकृतींनी तिला पुनर्जन्म दिला, आणि तेव्हापासून गुंडामचे जग नष्ट होणे आर्थिकदृष्ट्याच अशक्य झाले.

हा मुद्दा 'इदेओन'शी ताडून पाहण्याजोगा आहे. तोमिनो यांची ही मालिकाही 1981 च्या जानेवारीत 39 भागांवर थांबवली गेली. मात्र 1982 च्या चित्रपटात त्यांनी तिचा शेवट खरोखरच केला. दोन्ही मानववंश समूळ नाश पावतात, लहान मुलांसकट. परंतु या सर्वनाशाचे मूळ पाहावे. सेनापती दोबाला सलते ते हे, की आपल्या कन्येने, काराराने, शत्रूच्या पुरुषाचा गर्भ धारण केला. आणि काराराला गोळी घालते ती तिची सख्खी बहीण. विश्वनाश हा येथे कुळाच्या अब्रूचा परिणाम आहे. इरावती कर्वे यांच्या ग्रंथाचे नाव 'युगान्त', पण त्यातले लेख गांधारी, कुंती, द्रौपदी अशा व्यक्तींविषयी आहेत. मराठी वाचकाला ही जोड परकी वाटू नये. 'इदेओन'ची कथा मात्र त्यापुढे वाढू शकली नाही. वाढायला कोणी उरलेच नव्हते.

1988 च्या 'शारचा प्रतिहल्ला' या चित्रपटात तोमिनो दोन्ही पण एकाच दृश्यात आणतात. शार अझनाबल अ‍ॅक्सिस हा लघुग्रह पृथ्वीवर पाडू पाहतो. पृथ्वी निर्मनुष्य करण्याचे त्याचे तत्त्वज्ञान आहे. तरी बरोबरीचे द्वंद्व व्हावे म्हणून त्यानेच आपले गुप्त तंत्र आमुरोच्या हाती पडू दिले आहे. म्हणजे विश्वाच्या पणापेक्षा वैराचा पण त्याला मोठा वाटतो. लघुग्रह कोसळत असताना ते दोघे भांडतात ते लाला सून या मृत स्त्रीवरून. काहींना हा प्रसंग हास्यास्पद वाटतो. माझ्या मते तो चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे.

लगेच 1989 मध्ये तोमिनो यांच्याऐवजी फुमिहिको ताकायामा यांनी दिग्दर्शित केलेली 'खिशातले युद्ध' ही सहा भागांची मालिका आली. तीत आल हा शाळकरी मुलगा बर्नी या शत्रुपक्षाच्या सैनिकाशी मैत्री करतो. आपली वसाहत अण्वस्त्राने उडवली जाणार, या समजुतीने बर्नी पळून जाण्याची संधी सोडून गुंडामशी लढायला परततो. ती अण्वस्त्रे वाहणारी नौका आधीच पकडली गेली आहे. हे आलला कळते, बर्नीला कळत नाही. तो मरतो. गुंडाम चालवणारी ख्रिस ही आलची शेजारीण. आपण कोणाला मारले हे तिला अखेरपर्यंत ठाऊक नसते, आणि बर्नीला निरोप सांग असे ती आललाच बजावते. येथे मोठा पण खोटा ठरला आहे, पण त्यानेच बर्नीला मृत्यूकडे ओढले. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर, हे दुःख घटनेतून येत नाही, ज्ञानाच्या असमान वाटणीतून येते.

1994 पासून निर्मात्यांनी गुंडामच्या स्वतंत्र कालगणना सुरू केल्या. एक जग संकटात लोटून दुसऱ्यात नव्याने आरंभ करण्याची सोय झाली. 'खिशातले युद्ध'च्या शेवटी शाळेच्या सभेत आल हुंदके देतो. युद्ध संपले म्हणून तो रडतो आहे असे मित्रांना वाटते, आणि ते त्याची समजूत घालतात : लवकरच दुसरे युद्ध होईल, याहून मोठे, याहून झोकदार यंत्रांचे.