पांढरीतले घर

अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळची वाट धरली म्हणजे सुमारे 35 किलोमीटरांवर नांदगाव लागते. आणि याच जिल्ह्यात नांदगाव पेठ हे दुसरे गाव असल्यामुळे, हेमाडपंती देवालयातील खंडेश्वराचे नाव जोडल्यावाचून या नांदगावाचा कोणताही दस्तऐवज पुरा होत नाही. जुन्या खरेदीखतांत त्यापुढे ‘तालुके चांदूर’ असे येते, कारण स्वतः तालुक्याचे ठिकाण होण्यापूर्वी हे गाव चांदूर तालुक्यात मोडत असे. घर विकत घेऊ पाहणाऱ्याची परीक्षा या पहिल्या ओळीपासूनच सुरू होई. आज आपण घर पाहायला जातो म्हणजे खोल्या, उजेड आणि फरशी पाहून येतो. परंतु वऱ्हाडातला जुना जाणता गृहस्थ आधी माती पाही, मग पाणी, मग शेजार, मग कागद, आणि या सर्वांविषयी मनाची खात्री पटल्यावरच उंबरठा ओलांडून आत जाई. हा क्रम या प्रांताच्या भूमीने आणि त्याच्या गुंतागुंतीच्या राज्येतिहासाने घालून दिलेला आहे.

गावच्या जमिनीचे दोन वर्ण मानण्याचा प्रघात महाराष्ट्रात फार जुना आहे: काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची, आणि हा दुसरा शब्द मातीपुरता न राहता तिच्यावर नांदणाऱ्या समस्त गावकऱ्यांनाही लागू होत गेला. वऱ्हाडची काळी कापसाला जितकी अनुकूल तितकीच भिंतीला प्रतिकूल. मृगाच्या पाण्याने ती फुगते आणि वैशाखात इतकी आक्रसते की तिच्या भेगेत मनगटापर्यंत हात जावा. म्हणून ज्या भिंतीचा पाया मुरमापर्यंत पोहोचलेला नाही ती वर्षातून दोनदा हलते. अनुभवी गवंडी गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांकडे फारसे पाहत नसे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिसली की मात्र तो तेथेच थांबे, कारण खालची जमीन एका बाजूने बसत चालल्याची ती खूण असते.

जुनी घरे बहुधा धाब्याची. सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या अथवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, जो पाण्याने दबून घट्ट बसतो आणि उन्हाने काळ्या मातीसारखा भेगाळत नाही. अशा घराचे माप खणांनी सांगत, आणि खणांची संख्या ऐकून घेतल्यावर जाणता माणूस तुळईच्या मध्याकडे न पाहता तिचे भिंतीत गेलेले टोक चाकूने टोचून पाही, कारण वाळवी मातीतून येते आणि जेथे लाकूड मातीत शिरते तेथेच प्रथम लागते. जमीन पहारीच्या बुडाने ठोकून पाहण्याचाही रिवाज होता. ज्वारी साठवण्याची पेवे पांढरीतच खणीत, पुढे घर पडून नवे उभे राही, आणि विसरलेले पेव माजघराखाली तसेच पोकळ राहून जाई. ठोकताना आवाज बदलला की सौदा थांबे. बंद पेवात कोंडलेल्या वायूने आत उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या हकीकती ज्याने ऐकल्या आहेत त्याला या सावधपणाचे कारण सांगावे लागत नाही. गोमुखी जागा राहण्यास घ्यावी, वाघमुखी दुकानास, हा संकेतही पाळला जाई. परंतु माझ्या मते त्याहून पहारीचा एक ठोका अधिक मोलाचा.

पाण्याच्या बाबतीत वऱ्हाड एकसारखे नाही. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर, दर्यापूरपासून अकोल्याकडे पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आवारात विहीर असूनही पिण्याचा हंडा दुरून आणावा लागे, आणि तेथे घराची किंमत गोड्या पाण्याच्या अंतरावर ठरे. नांदगाव पूर्णेपासून दूर, दक्षिणेस. तरी विहीर वैशाखात आणि धाबे श्रावणात पाहावे, हा पाठ येथेही होताच. सोबत मूठभर तुरीची डाळ नेऊन ती शेजारच्या चुलीवर त्या विहिरीच्या पाण्यात शिजवून पाहणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. डाळ शिजेपर्यंत शेजाऱ्याशी बोलणे होई, आणि विकणाऱ्याने न सांगितलेले पुष्कळसे तेव्हाच कळे.

कागदाची कथा अधिक दीर्घ आहे. 1803 च्या देवगावच्या तहापर्यंत वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. 1853 च्या तहाने कंटिंजेंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला. 1902 साली तो कायम पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला आणि 1903 मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला. 1861 पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली, तेव्हा काळीच्या प्रत्येक तुकड्याला नंबर आणि आकार मिळाला. परंतु पांढरी, म्हणजे गावठाण, त्या हिशेबाबाहेर राहिली, कारण तिच्यावर शेतसारा नव्हता. शेताचा मालक पटवाऱ्याच्या दप्तरात सापडे. घराचा मालक मात्र चतुःसीमा, वहिवाट आणि साक्षीदार यांच्यावरच सिद्ध होई. घर घेणाऱ्याला शेजार पाहावा लागे तो एवढ्यासाठी: शेजारी हाच पांढरीचा जिवंत दप्तरदार होता.

याच सुमारास कापसाने वऱ्हाडचे अर्थकारण उलथेपालथे केले. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत भाव कडाडले, 1867 मध्ये आगगाडी बडनेऱ्यावरून पुढे नागपुरास पोहोचली, आणि हाती आलेल्या पैशाच्या भरवशावर घरे, लग्ने आणि कर्जे वाढली. भाव उतरले तेव्हा कर्जे तेवढी राहिली. त्या काळचा वऱ्हाडी दस्त म्हणजे गहाण-लहाण: मुदतीत रक्कम न फिटल्यास गहाण हीच खरेदी समजावी, अशा अटीचा. मुदत टळे, सावकार मालक होई, आणि जुना धनी त्याच घरात भाडेचिठ्ठी लिहून राहत असे. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसत नसे. 1899-1900 च्या दुष्काळाने असे प्रसंग आणखी कितीतरी उंबरठ्यांवर आणले असतील. म्हणूनच ‘घरात राहतो कोण’ आणि ‘घर कोणाचे’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची खबरदारी वऱ्हाडी माणसाच्या अंगी भिनली, आणि ती भित्रेपणाची नव्हे तर पोळलेल्या शहाणपणाची आहे, हे मी आग्रहाने सांगेन.

माझे आजोळ नांदगावजवळच्या एका खेड्यातले. त्या घराचे खरेदीखत मोडीत आहे. स्टँपाच्या कागदाच्या घड्या झिजून चार चौकोन झाले आहेत. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस सामायिक भिंत, पश्चिमेस बोळ, उत्तरेस लिंबाचे झाड. ‘झाड-झाडोरा, निधी-निक्षेपासुद्धा’, आणि पुढे पन्हाळाचे पाणी पूर्वापार बोळात पडते तसे पडत राहील, असा एक करार. खोल्या किती याचा उल्लेख अर्ध्या ओळीत आटोपला आहे, पन्हाळाला मात्र पूर्ण दोन ओळी दिल्या आहेत. लिहिणाऱ्याला भांडण कोठून उद्भवते हे पक्के ठाऊक होते.

पुढे नोंदणी कायद्याने 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री रजिस्टर करणे भाग पडले. ग्रामपंचायतीचा नमुना 8 आला, ज्याला पुष्कळजण अजून मालकीचा पुरावा मानतात, परंतु ती वास्तविक कराची आकारणी आहे. अमरावती शहरात घर घ्यायचे तर जागा नझुलाची आहे काय आणि पट्ट्याची मुदत किती उरली, हे निराळे पाहावे लागते. समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेल्यापासून तर दूरची माणसेही इकडे जागा विचारू लागली आहेत. त्यांच्यापैकी किती जण डाळ शिजवून पाहतील?

2020 मध्ये स्वामित्व योजना आली आणि दीडशे वर्षे हिशेबाबाहेर राहिलेली पांढरी अखेर मोजणीत आली. ड्रोन उडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराची हद्द चुन्याने आखावयाची होती. आम्ही तीन बाजू आखल्या आणि उत्तरेस अडलो, कारण लिंब पडून कित्येक वर्षे लोटली होती आणि जागेवर फरशी टाकलेली होती. शेजारच्या आजीबाई काठी टेकत आल्या. “अठीच होता बाप्पा लिंब,” त्या म्हणाल्या, आणि काठीच्या टोकाने एक फरशी दाखवली, जी खालच्या मुळाने इतरांहून दोन बोटे वर उचललेली होती. आम्ही चुन्याची रेघ त्या फरशीवरून ओढली.