प्राथमिक शिक्षक आणि धर्मविद्येचे पदव्युत्तर अध्ययन

धर्म शिकविणाऱ्याने स्वतः किती शिकलेले असावे, हा प्रश्न आपल्या समाजात जुना आहे. प.पू. आचार्यश्री आनंदऋषीजी म.सा. यांच्या प्रेरणेने १९३६ साली पाथर्डी येथे धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले आणि धर्माध्ययनास क्रमबद्ध अभ्यासक्रमाची शिस्त लाभली. विद्यापीठीय वाट राजस्थानातील लाडनूं येथून रुंदावली. आचार्यश्री तुलसी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या तेथील संस्थेस १९९१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे जैनविद्या, जीवनविज्ञान यांत दूरशिक्षणाने एम.ए. करण्याची सोय झाली. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने ज्याचा रस्ता तुटतो, त्या भामरागडच्या शिक्षकास नोकरी सांभाळून शिकण्याचा हाच मार्ग सोयीचा.

परंतु शिकलेले शाळेत शिकवावे काय? राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश वर्ज्य आहे. सर्व धर्मांचा परिचय मात्र वर्ज्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. हा भेद व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचा तर, माल दाखविणे निराळे आणि गळ्यात घालणे निराळे! माडिया बालकाच्या घरी त्याचे ‘पेन’ दैवत आहे. अनेकान्त खरोखर अभ्यासलेला गुरुजी त्याविषयी आदराने विचारील. न अभ्यासलेला हसेल.

आपल्या पाठशाळेस ते कलम आडवे येत नाही. तेथील अध्यापिकांच्या एम.ए.चे शुल्क ट्रस्टने भरावे, अशी माझी विश्वस्तांस विनंती आहे.