पिंगुळी ते पिंपरी : हलत्या चित्राची परंपरा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याजवळ वाणीखेरीज दुसरे साधन नव्हते आणि श्रोत्यांनाही त्याची उणीव भासत नव्हती. आज वक्त्याला आमंत्रण देताना चालक पहिला प्रश्न विचारतात तो पडदा लागेल काय हा. मी आज पडद्यावाचून बोलणार आहे. परंतु बोलणार आहे ते पडद्याविषयीच. नवशिक्या माणसाने संगणकावर स्लाइड कशी तयार करावी, तिच्यात चित्र कसे घालावे आणि ते चित्र केव्हा हलवावे, हा माझा विषय आहे. इतिहासाच्या व्याख्यानात हे कोठून आले, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, ही विद्या संगणकाबरोबर आपल्याकडे आलेली नाही. ती या महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास ठाऊक नसल्यामुळेच आपण ती आज वाईट तऱ्हेने शिकवीत आहो.

हा प्रश्न आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात केवळ हौसेचा राहिलेला नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता शेताच्या बांधावर कारखान्यांच्या भिंती आल्या. त्या काळच्या कामगाराला हाताने काम करता आले म्हणजे पुरे होते. पुढे जपानात १९६२ साली सुरू झालेली गुणवत्ता मंडळांची कल्पना १९८०च्या सुमारास हैदराबादच्या भेल कारखान्यामार्गे भारतात आली. मग कैझेन आले, स्पर्धा आल्या, परीक्षक आले. पंधरा वर्षे लेथवर उभा असलेला माणूस एके दिवशी परीक्षकांपुढे उभा केला जातो आणि त्याला सांगितले जाते, 'तुझी सुधारणा पडद्यावर दाखव.' पगारवाढीच्या बोलण्यांतही व्यवस्थापनाची बाजू आता पडद्यावर आलेख घेऊन येते. ज्याला चित्राने बोलता येत नाही, त्याचे म्हणणे खरे असूनही मागे पडते.

आता मुळाकडे जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. ही कला आजही जिवंत आहे ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजात. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेल्या सुट्या चित्रांची गड्डी. एका आख्यानाच्या गड्डीला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंग एकेका कागदावर रंगवलेला असतो, आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा वाद्याच्या साथीवर गात गात एक चित्र दाखवतो, ते बाजूला ठेवतो आणि पुढचे उचलतो. श्री. परशुराम गंगावणे यांना या कलेच्या जतनासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

या चित्रकथ्याकडे शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहा. त्याच्या चित्रावर अक्षर नसते. अक्षराचे काम त्याचा कंठ करतो. एका चित्रात एकच प्रसंग. पुढचे चित्र केव्हा यायचे, हे ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून तो ठरवतो. सीतेचा विलाप चालू असताना तो कागद बदलत नाही. आज आपण ज्याला स्लाइड म्हणतो, तिचे सगळे व्याकरण यात आलेले आहे. त्यासाठी वीजही लागली नाही.

यापुढची पायरी कल्याण शहरात घडली. युरोपात सतराव्या शतकात ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या काळापासून जादूचा कंदील प्रचारात आला होता : काचेवर चित्र, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास आपल्या मुलांच्या साहाय्याने याच यंत्राचे खेळ सुरू केले आणि त्याला नाव दिले 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा मायावी असुर, त्याची ती माया. असे भारदस्त नाव. पटवर्धनांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी चित्र नुसते मोठे करून दाखवले नाही, ते हलवले. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था काचांवर हाताने रंगवायच्या, एकाहून अधिक कंदील लावायचे, आणि काचा इतक्या सफाईने बदलायच्या की पडद्यावरील पात्र हालचाल करते असे वाटावे. जोडीला निवेदन आणि गाणी होतीच. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी प्रथम दिसला, हे लक्षात घेतले म्हणजे कल्याणच्या या घराण्याचे मोल कळते. येथे एका घरात बापाने मुलांच्या हाती कुंचला आणि काच दिली. हलते चित्र करण्याची आपल्याकडील ही आरंभीची शाळाच म्हणावयास हवी.

त्यानंतर दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे तो त्याच्या आधीचा एक अगदी छोटा प्रयोग. भांडवल हवे होते आणि सावकाराला विश्वास हवा होता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत अंकुर फुटण्यापासून वेल चढण्यापर्यंतचा सारा प्रवास एक-दीड मिनिटाच्या पट्टीत बसवला. डोळ्याला जे कधीच दिसत नाही, ते वाढणे त्यांनी दाखवले. भांडवल उभे राहिले. पुढे १९१५च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. त्यात आगपेटीतल्या काड्या एकेक चित्र घेत हलवल्या होत्या. भारतातील सजीवपटाचा आरंभ पुष्कळ अभ्यासक येथूनच धरतात.

फाळक्यांचा दुसरा मोठा गुण फारसा सांगितला जात नाही. ते उत्तम शिक्षक होते. फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके घरात करीत. नाशिकचे त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी कॅमेरा चालवायला शिकवला आणि 'हरिश्चंद्रा'चे चित्रण त्यांच्या हातून करून घेतले. १९१७ साली तर 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखवणारा चित्रपटच त्यांनी काढला. त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे. आपली विद्या झाकून ठेवणारा कारागीर आपण पुष्कळ पाहतो. या माणसाने ती पडद्यावर उघडी केली.

कामगारांच्या वस्तीत हा दिवा नेण्याचे श्रेय नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगला आहे. १९११ साली स्थापन झालेल्या या संस्थेने मुंबईच्या चाळींत फिरती वाचनालये आणि रात्रीच्या शाळा चालवल्या, आणि आरोग्यासारख्या विषयांवर जादूच्या कंदिलाच्या साहाय्याने व्याख्याने दिली. हेच जोशी १९२० साली आयटकच्या स्थापनेत अग्रभागी होते. म्हणजे आमच्या चळवळीच्या पाळण्यापाशीच हा कंदील तेवत होता. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्य कार्यालय नागपुरास आले. कामगारातूनच शिक्षक तयार करावयाचे आणि त्याने आपल्या सोबत्यांना शिकवावयाचे, ही त्याची रचना मला आजही फार शहाणपणाची वाटते.

यानंतर संगणक आला. रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि टॉम रुडकिन यांनी अमेरिकेत तयार केलेला पॉवरपॉइंट एप्रिल १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाहेर पडला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतला. आरंभी त्याचे काम एवढेच होते की, पारदर्शक कागदावर छापण्याजोगी पाने नीट मांडून द्यावी. नव्वदच्या दशकात पडद्यावर थेट दाखवण्याची आणि वस्तू हलवण्याची सोय आली. आपल्याकडे २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी वर्गांतून ती गावोगावच्या तरुणांपर्यंत पोचली. पटवर्धनांनी रात्र रात्र जागून काचेवर जे साधले, ते आता बोटाच्या एका टिचकीवर आले.

आणि येथेच घोडे पेंड खाते. साधन स्वस्त झाले की त्याचा संयम सुटतो. नवशिक्याला आपण पहिल्या तासाला काय शिकवतो? अक्षरे गिरक्या घेत कशी येतात, पान उलटल्यासारखे कसे दिसते, चेंडूसारखे उडी मारून शीर्षक कसे पडते. शिकणाऱ्याला गंमत वाटते आणि शिकवणाऱ्याचा तास निघतो. परंतु पाहणाऱ्याचे लक्ष गिरकीकडे जाते व मजकूर निसटतो. नाकापेक्षा मोती जड झाला.

उलट दुसरा दोष आहे तो चित्रच नसण्याचा. २००३ साली कोलंबिया हे अंतराळयान परत येताना १ फेब्रुवारीला फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण प्राणास मुकले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्याविषयी अधिकाऱ्यांना स्लाइड दाखवल्या होत्या. एका स्लाइडवर बारीक अक्षरांच्या ओळींखाली, अगदी तळाशी एक आकडा होता : पूर्वीच्या चाचण्यांतील तुकडा ३ घनइंचाचा, तर हा १९२० घनइंचाचा, म्हणजे ६४० पट मोठा. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. शेजारी शेजारी दोन चौकोन काढले असते, एक सुपारीएवढा आणि एक पेटीएवढा, तर तो फरक कोणाच्याही डोळ्यांत भरला असता. दुर्घटना टळली असती असे मी म्हणत नाही. पण जे सांगावयाचे होते ते सांगितले तरी गेले असते.

आता हा सारा इतिहास आमच्या पट्ट्यातील एका यंत्राला लावून पाहू. पत्र्याच्या कामाचा जुन्या घडणीचा पॉवर प्रेस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. फ्लायव्हील सतत फिरत असते. पायाखालचे पेडल दाबले की क्लचची चावी बसते आणि रॅम खाली येतो. या घडणीच्या क्लचची गोष्ट अशी की, एकदा चावी बसली म्हणजे पूर्ण फेरा झाल्याखेरीज रॅम थांबत नाही. मध्येच पाय काढला तरी तो खाली येतोच. जॉब सरळ करायला आत गेलेला हात त्या क्षणी बाहेर येऊ शकत नाही. बोटे जातात ती येथे.

सुरक्षिततेच्या वर्गात यावर स्लाइड असते, 'प्रेसमध्ये हात घालू नये.' खाली लाल फुली. ती वाचून कामगार मान डोलावतो; कारण हात घालू नये हे त्याला आधीच ठाऊक आहे. त्याला ठाऊक नसते ते हे की, पाय उचलून उपयोग होत नाही. ही गोष्ट अक्षरांत सांगितली तर पटत नाही, स्थिर चित्रात दिसत नाही. येथे चित्र हललेच पाहिजे. म्हणून रविवारच्या वर्गात मी नवशिक्यांना पहिला धडा हाच देतो. चार आकृत्या काढायच्या : चाक, चावी, रॅम, हात. पहिल्या टिचकीला चाक फिरते. दुसरीला पेडल दबते व चावी बसते. तिसरीला पेडल वर येते, आणि तरीही रॅम खाली येतो. येथे बोलणाऱ्याने थांबावे. कोणीतरी विचारतोच, 'पाय काढला ना, मग?' तो प्रश्न आला म्हणजे धडा झाला. चौथ्या टिचकीला नव्या घडणीचा प्रेस : घर्षणाचा क्लच, पुढे प्रकाशाचा पडदा, हात आडवा आला की रॅम वाटेतच थांबतो. मग असा प्रेस आपल्याकडे का नाही, हा प्रश्न कामगार आपण होऊन विचारतो. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन सुरक्षिततेची माहिती आणि शिक्षण मिळवण्याचा हक्क कामगाराला १११-अ या कलमाने दिला गेला. परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. माहिती कळेल अशा रूपाने मिळाली, तरच ती मिळाली.

या चार टिचक्यांत जुने सर्व गुरू हजर आहेत. एका वेळी एकच प्रसंग आणि पुढचे चित्र ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बेतलेले, हे पिंगुळीचे. अवस्था सुट्या करून त्या जोडणे, हे कल्याणचे. डोळ्याला न दिसणारे दाखवणे, हे फाळक्यांच्या वाटाण्याचे. आणि हे सारे कामगाराच्या वस्तीत नेणे, हे ना. म. जोशींचे. नवशिक्याने एवढाच नियम ध्यानात ठेवावा : जी गोष्ट प्रत्यक्षात हलते, आणि जिचे हलणे समजले पाहिजे, तीच पडद्यावर हलवावी. अक्षरे स्वस्थ बसू द्यावीत. छायाचित्र आपल्याच शॉपमधले, आपल्याच यंत्राचे घ्यावे; दुसऱ्या देशातील चकचकीत कारखान्याचे चित्र पाहून आपला माणूस म्हणतो, 'हे आपले नव्हे.' देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर त्याच्या चौकटी होतात आणि बोलणारा ऐन वेळी घाबरतो. आणि कळ स्वतःच्या हाती ठेवावी. स्लाइड आपोआप पळू लागली की सांगणारा तिच्यामागे धावतो.

शेवटी एकच सांगतो. पिंगुळीचा ठाकर कोणा दरबाराचा पंडित नव्हता, आणि फाळक्यांच्या घरात फिल्म धुणाऱ्या सरस्वतीबाई कोणत्या विद्यालयातून ते शिकून आल्या नव्हत्या. चित्राने बोलण्याची विद्या आपल्याकडे नेहमी अशाच हातांनी वाढवली. आज ती कार्यालयाच्या वातानुकूलित खोलीत जाऊन बसली आहे आणि यंत्राशी जन्म काढणाऱ्याला वाटते की हे आपले काम नव्हे. यंत्र कसे चालते आणि कोठे चावते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे? ते दाखवण्याची कळ त्याच्या हाती आली पाहिजे. हे काम सरकारने करावे, मालकाने करावे, संघटनेने करावे. पण ज्याला येते त्याने शेजाऱ्याला शिकवावे, येथून सुरुवात झाली तरी मी समाधान मानीन.